दप्तरात नाही म्हणजे घडलं नाही?

 

सुरुवात एका घरगुती गोष्टीने करतो. दर नोव्हेंबरात मला मी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पेन्शनर मंडळींना हे सांगायला नको. पूर्वी खिडकीपाशी जाऊन सही करायची, आता यंत्रावर बोट ठेवायचं. वयामुळे माझे ठसे पुसट झालेत. गेल्या खेपेला तीन वेळा यंत्राने मला नाकारलं. समोरची मुलगी म्हणाली, “सर, बोट जरा पुसून परत ठेवा.” चौथ्यांदा जुळलं. आयुष्यभर वर्गात मी देकार्त शिकवला, ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे.’ त्या खिडकीपाशी विचाराला कोण विचारतो? बोट जुळलं, म्हणून मी आहे.

तुम्ही हसलात, मीही हसलो. पण मी हसू शकलो, कारण चौथ्यांदा का होईना, माझं बोट जुळलं. ज्यांचं जुळत नाही, आणि जुळवून पाहायचं दप्तरच ज्यांच्या बाबतीत उरलेलं नाही, त्यांचं काय? आजचा विषय तो आहे.

प्रकरण आपल्याच रायगड जिल्ह्यातलं. २०२१ साली नव्वदीच्या एका आजींची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. नाव मुद्दाम सांगत नाही, या वयात त्यांना आपली गर्दी नको. यजमान ‘चले जाव’ चळवळीतले. १९४४ साली मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात होते, असं आजींचं म्हणणं. ते १९६५ साली वारले. आजींची मागणी एवढीच, की स्वातंत्र्यसैनिकाची विधवा म्हणून निवृत्तिवेतन मिळावं. आणि अडचण अशी, की त्यांच्या कागदांची पडताळणी होत नव्हती. का होत नव्हती? ताडून पाहायला तुरुंगाचं जुनं दप्तरच शिल्लक नव्हतं. नष्ट झालं होतं.

आता हे वाक्य जरा उलटं वाचून बघा. माणसाला तुरुंगात घातलं सरकारने. त्याची नोंद केली सरकारने. ती सांभाळायची जबाबदारी सरकारची. ती नष्ट झाली सरकारच्या ताब्यात. आणि ती नाही म्हणून अर्ज अडला कुणाचा? आजींचा.

इथे कुणी एक दुष्ट कारकून शोधू नका. तो सापडला असता तर विषय सोपा झाला असता. मला यात एक मोठा इतिहास दिसतो आणि एक तर्कदोष दिसतो. आधी इतिहास पाहू.

हा जिल्हा तेव्हा कुलाबा. ‘रायगड’ हे नाव १९८१ सालचं. स्वातंत्र्याच्या चळवळीत या किनाऱ्याने काय दिलं ते थोडक्यात आठवू. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, आठ सत्याग्रही गेले. १० सप्टेंबर १९४२ ला महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिथेही गोळ्या चालल्या. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता तुम्हाला माहीत आहे. विजेचे मनोरे पाडून मुंबईचा वीजपुरवठा त्यांनी तोडला, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

या घटनांचे स्तंभ उभे आहेत, दरवर्षी फुलं वाहिली जातात. पण चळवळ हुतात्म्यांपुरती नसते. एकेका माणसामागे निरोप नेणारे, भाकरी पोचवणारे, रात्री माळ्यावर झोपायला जागा देणारे असे कितीतरी असतात. भूमिगत राहण्याचा अर्थच मुळी नोंद न ठेवणं हा. तेव्हा ज्याने कागद मागे ठेवला, तो पकडला गेला! मग पन्नास वर्षांनी आपण विचारतो, “आजी, कागद आहे का?”

दुसरं असं, की हा किनारा पोटासाठी मुंबईवर अवलंबून. रेवसहून किंवा धरमतरहून लाँच धरायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं, गिरणीत नाहीतर गोदीत कामाला लागायचं. माणूस चळवळीत पडला की पकडला जाणार मुंबईत आणि डांबला जाणार मुंबईतच. म्हणजे बघा, नवरा तुरुंगात मुंबईला, बायको खाडीकाठच्या गावात, जिल्ह्याची कचेरी अलिबागेत, निर्णय मंत्रालयात, आणि केंद्राची योजना असेल तर दिल्लीत. एका दाखल्यासाठी एवढा प्रवास. आणि प्रत्येक टेबलावर एकच शेरा, ‘पुढील पुराव्यासाठी परत.’

मेलेल्या शिपायाच्या घरच्यांना राज्याने पोसायचं, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणलेली नाही. मराठी राज्यात लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबाला जी नेमणूक मिळे तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. पोरंबाळं जगावीत म्हणून दिलेलं. तीही सगळ्यांना मिळत असेल, वेळेवर मिळत असेल, असं समजून सोवळं चित्र रंगवायची गरज नाही. पण कल्पना होती.

कंपनी सरकार आलं आणि ‘सनद दाखवा’ हा मंत्र आला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या भोगवटा असला तरी कागद नसेल तर इनाम संशयित. पुढे १८७१ साली पेन्शन्स अ‍ॅक्ट झाला. त्यातलं चौथं आणि सहावं कलम वकील मंडळींनी घरी जाऊन जरूर वाचावं. सरकारने दिलेल्या पेन्शनबद्दल तुम्हाला दिवाणी कोर्टात दाद मागायची असेल, तर आधी कलेक्टरचं सर्टिफिकेट आणा. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच घरची परवानगी! यामागचा विचार स्पष्ट होता. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी, आणि मेहेरबानीबद्दल जाब विचारायचा नसतो.

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केलं. तेव्हा उत्पन्नाची अट होती, म्हणजे ते गरजूंना दिलेलं साहाय्य होतं. १ ऑगस्ट १९८० पासून ती अट गेली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. साहाय्य मागायला गेलेल्या माणसाला आपण विचारतो, “तुझ्याकडे खरंच नाही ना?” सन्मान करायचा असेल तर आपण त्याच्या घरी जातो. आणि १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने दिलेली बक्षिसी नव्हे, तो हक्क आहे. ते प्रकरण सरकारी नोकरांचं होतं, पण १८७१ चा विचार त्याने तत्त्वतः मोडीत काढला.

तत्त्वतः म्हणालो. कचेरीत मात्र अर्जाची खिडकी तीच राहिली.

केंद्राच्या योजनेतले नियम काय? साधारणपणे किमान सहा महिने तुरुंगवास, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने. पुरावा म्हणून तुरुंगाचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला. तो मिळत नसेल तर बरोबरच्या कैद्यांची प्रमाणपत्रं. आणि त्यासोबत आणखी एक दाखला जोडायचा, की मूळ दप्तर उपलब्ध नाही! दाखला नसल्याचा दाखला. हसू नका, नियम करणाऱ्याने इथे खरं तर शहाणपणाच दाखवलाय. दप्तर हरवू शकतं, हे नियमालाच मान्य आहे. गोची पुढे होते. हा दुसरा दाखला देणारंही पुन्हा सरकारच. आणि बरोबरचे कैदी? १९४४ साली पंचविशीत असलेला माणूस २०२१ ला शंभरी ओलांडणार. साक्षीदारांना मरण असतं, अटीला नसतं.

आता तर्कदोषाकडे येतो. हे माझं क्षेत्र, त्यामुळे पाच मिनिटं सहन करा.

एखादी गोष्ट ‘नाही’ हे आपल्याला कसं कळतं? ‘आहे’ हे डोळ्यांना दिसतं. ‘नाही’ कसं दिसणार? आपल्या दर्शनांत यावर मोठा वाद आहे. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, नसणं कळण्यासाठी एक स्वतंत्र प्रमाण आहे, त्याचं नाव अनुपलब्धी. म्हणजे न आढळणं. नेहमीचं उदाहरण घटाचं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही.

पण थांबा. खोलीत अंधार असेल तर? तेव्हाही घडा दिसत नाहीच. मग तो नाही म्हणायचं का? इथे हे लोक एक अट घालतात, आणि आजच्या विषयाचं मर्म त्या अटीत आहे. नुसती अनुपलब्धी पुरत नाही, योग्य अनुपलब्धी लागते. घडा तिथे असता तर तो मला दिसलाच असता, अशी परिस्थिती असायला हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मध्ये भिंत नको. हे सगळं असूनही दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर मला माहीत नाही, एवढंच खरं.

आता भायखळ्याला जाऊ. दप्तर पूर्ण शाबूत आहे, पानं सलग आहेत, आणि त्यात नाव नाही. तर माणूस तिथे नव्हता, असं म्हणायला काही आधार आहे. पण दप्तरच नाही. म्हणजे खोलीत अंधार आहे. अंधारात उभं राहून अधिकारी म्हणतो, “नोंद आढळून येत नाही.” वाक्य खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. ‘नोंद आढळत नाही’ आणि ‘नोंद नव्हती’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि ‘घटना घडली नाही’ हे तिसरंच. फाईलवर ही तिन्ही एका ओळीत मावतात.

हा अंधार पसरतो कसा, तेही बघा. आपल्या कचेऱ्यांत अभिलेखांचे वर्ग असतात, अ, ब, क, ड. अ कायमचा, ब तीस वर्षं, क त्याहून कमी, ड वर्षभर. मुदत संपली की कागद रीतसर नष्ट करतात. म्हणजे दप्तर नष्ट होणं नेहमीच गैरप्रकार नसतो, ते रोजचं कामही असतं. शिवाय निसर्ग आहे. महाडला २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ च्या पुरांनी काय केलं, ते इथल्या माणसांना मी सांगायला नको. मंत्रालयाला २१ जून २०१२ ला आग लागली, फायलींची राख झाली. एवढं ठाऊक असताना ‘नोंद नाही’ या शेऱ्यावर आपण वेदवाक्यासारखा विश्वास ठेवतो.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. अधिकारी संशय का घेतात? कारण फसवणूक झालेली आहे. बीड जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण एवढं गाजलं, की निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या लबाडीबद्दल कडक शब्द वापरले. खोट्या माणसाला सन्मान देणं हा खऱ्याचा अपमानच आहे. तेव्हा पडताळणी नकोच, असं मी म्हणत नाही.

पण चूक दोन प्रकारची असते. अपात्राला देणं ही एक, पात्राला नाकारणं ही दुसरी. पहिली चूक झाली तर चौकशी लागते, वर्तमानपत्रात येतं, सही करणाऱ्याची नोकरी धोक्यात येते. दुसरी चूक झाली तर काय होतं? काहीच होत नाही. एक म्हातारी घरी परत जाते. त्यामुळे कुठलाही सावध माणूस दुसरी चूक करणं पसंत करतो. हा स्वभावाचा दोष नाही, रचनेचा आहे.

न्यायालयांना हे दिसलेलं आहे. १९९३ साली मुकुंदलाल भंडारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की उशिरा अर्ज केला एवढ्यावरून नाकारू नका. २००१ साली गुरदियाल सिंग प्रकरणात सांगितलं, की इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मागायचा नसतो, अधिक शक्यता कोणत्या बाजूला आहे ते पाहायचं. आणि आपल्या आजींच्या प्रकरणात न्या. उज्जल भुयान आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने त्यांना निवृत्तिवेतन सुरू करण्याचे निर्देश दिले. पतीच्या निधनानंतर छप्पन्न वर्षांनी.

आता एक कबुली देतो, आणि मग थांबतो.

दाखल्यावाचून अडलेल्या बायका या किनाऱ्यावर फक्त स्वातंत्र्यसैनिकांच्या घरी नाहीत. समुद्राकाठी नवरा गेला तर प्रेत मिळेलच असं नसतं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. कितीतरी घरांत शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही. मच्छीमारांच्या घरी हे आजही घडतं.

मी तरुण प्राध्यापक असताना सुट्टीत गावी गेलो होतो. संजय गांधी निराधार योजना नुकतीच सुरू झाली होती. अंतुले मुख्यमंत्री होते, आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे गावागावात तिची चर्चा. शेजारच्या कोळीवाड्यातली एक बाई अर्ज लिहून घ्यायला आली. म्हणाली, “भाऊ, तू शिकलेला, तू नीट लिवशील.” नवरा होडीवर गेला तो आलाच नव्हता. होडीही नाही, प्रेतही नाही. बरीच वर्षं झाली होती. मी सुंदर मराठीत दोन पानी अर्ज लिहिला. कचेरीतून विचारणा झाली, “मृत्यूचा दाखला?” ती परत माझ्याकडे आली. मी गंभीर चेहरा करून सांगितलं, “प्रेत मिळालं नाही, तर दाखला कसा मिळणार?” तिने मान हलवली आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

पुढे खूप वर्षांनी १८७२ चा पुरावा कायदा वाचताना मी एकशे आठव्या कलमापाशी आलो. एखादा माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर साहजिकच लागली असती, त्यांना सात वर्षं ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर पडतो. नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद आहे. मी पुस्तक मिटलं. ‘जिवंत असता तर खबर लागली असती’ म्हणजे काय? ही योग्य अनुपलब्धीच! घडा असता तर दिसला असता. बायकोला सात वर्षं दिसला नाही. तिचं न दिसणं हा पुरावा आहे, कारण तो असता तर सगळ्यात आधी तिलाच दिसला असता. कोर्टातून जाहीर करून घ्यावं लागलं असतं, वेळ लागला असता, पण वाट होती. मी वर्गात हा विषय दरवर्षी शिकवत होतो, आणि माझ्या ओट्यावर बसलेल्या बाईला मी कचेरीपेक्षा लवकर नाही म्हणालो.

म्हणून आज मी कुणा अधिकाऱ्यावर बोट रोखायला उभा नाही. बोट माझंही पुसट आहे.

मला म्हणायचंय ते एवढंच. दाखला हा हक्काचा साक्षीदार आहे, हक्काचा बाप नाही. साक्षीदार हरवला म्हणून हक्क मरत नाही. आणि साक्षीदार ज्याच्या ताब्यात होता त्याच्याच हातून तो हरवला असेल, तर त्याचं नुकसान त्याने सोसायचं, समोर उभ्या असलेल्या बाईने नव्हे. शेजाऱ्याकडे ठेवायला दिलेला दागिना त्याच्याकडून हरवला, तर “दागिना होता हे सिद्ध कर” असं तो आपल्याला म्हणतो का? म्हटलं तर आपण त्याला काय म्हणतो?

ऐकणाऱ्यांत तरुण मंडळी आहेत. तुमच्या आळीत अशी कुणी असेल तर अर्ज सुंदर लिहू नका, साधा लिहा. त्याची प्रत ठेवा, तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. नकार आला तर तो लेखी मागा, कारणासकट. ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न विचारा: दप्तर शाबूत असून नोंद नाही, की दप्तरच नाही? उत्तर देत नसतील तर २००५ चा माहिती अधिकार आहे. बहुतेक वेळा सगळं या एका प्रश्नावर ठरतं, आणि तो विचारायला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट लागत नाही. माझ्याकडे ती होती, आणि मी विचारला नव्हता.